हँडब्रेक अकरा दात वर येत होता : पुरातून निघालेल्या एका गाडीचं प्रकरण

सर आणि काकू श्रावणात पन्हाळ्याला गेले होते. बाजीप्रभूंच्या पुतळ्याच्या अलीकडे, चढावर, रस्त्याच्या कडेला सरांनी गाडी लावली. हँडब्रेक ओढला, पायातला ब्रेक सोडला. गाडी उभी राहिली. काकू उतरल्या, त्यांनी दार लावलं आणि त्या दाराच्या हादऱ्यानं गाडी मागे निघाली. सर अजून आतच होते, म्हणून पाय वेळेत ब्रेकवर गेला. मागे पंधरा-वीस फुटांवर कणसं भाजणारी एक बाई शेगडी घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या गॅरेजसमोर उभी होती. सर निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं. म्हणाले, "केबल जरा ओढून द्या. मागच्या वर्षी एका ठिकाणी ओढून घेतली होती, तेव्हा छान लागायचा. आता पुन्हा सैल झालाय."

केबल ओढायला पाच मिनिटं लागतात. ती ओढली असती तर सर खूश होऊन गेले असते आणि गाडी आणखी काही महिने चढावर कशीबशी उभी राहिली असती. मी ओढली नाही. तिथून पुढे जे निघालं ते सगळं इथे लिहितो आहे, कारण अशा गाड्या कोल्हापुरात कमी नाहीत.

गाडी २०११ची, पेट्रोल, पुढची चाकं ओढणारी, चारही चाकांना डिस्क. ज्यांच्या मागच्या चाकांना ड्रम असतात, त्यांचा हँडब्रेक त्याच ड्रममधल्या शूंवर, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांवर, चालतो. मागे डिस्क असली की दोन प्रकार दिसतात. काही गाड्यांत केबल थेट कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडनं चिमटणाऱ्या भागाचा, पिस्टन दाबते. काहींत डिस्कच्या मधला फुगीर भाग, ज्याला आम्ही टोपी म्हणतो, तो आतून एक लहानसा ड्रम असतो आणि त्यात फक्त हँडब्रेकसाठी दोन बारके शू बसवलेले असतात. सरांची गाडी या दुसऱ्या प्रकारातली. पायातला ब्रेक आणि हे शू यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. त्यामुळे शू पूर्ण निकामी झाले तरी गाडी रस्त्यावर नेहमीसारखीच थांबते आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही.

मी आत बसून लिव्हर ओढला आणि दात मोजले, ओढताना होणारा एकेक 'कट्' आवाज म्हणजे एक दात. अकरा. या गाडीला सहा ते नऊ दातांत पक्की पकड यायला हवी. मग सरांना विचारलं, गाडी कधी पाण्यात उभी होती का? ते क्षणभर थांबले. "एकवीसच्या पुरात. आमच्या कुंभार गल्लीत पाणी आलं तेव्हा गाडी काढायला उशीर झाला. अर्धं चाक बुडालं होतं. तीन दिवस."

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. जुलै २०२१मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. त्या महिन्यात उद्यमनगरातल्या प्रत्येक गॅरेजसमोर चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग होती. सगळ्यांनी जमेल तेवढं केलं. ऑइल बदललं, ब्रेक ऑइल बदललं, पॅड घासले, बेअरिंग वाजत असेल तर काढलं, गालिचे उन्हात टाकले. डिस्क काढून आतला हँडब्रेकचा ड्रम धुतला, असं फार थोड्या गाड्यांच्या बाबतीत झालं असेल. मीसुद्धा तेव्हा मालकानं तक्रार केली तरच तो उघडत होतो. गाळाचं पाणी त्या बंद टोपीत शिरतं, पाणी आटतं आणि गाळ तिथेच राहतो. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा ओलावा धरतो.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुरानंतर एकदा चार दिवस गाडी हँडब्रेक लावून उभी होती, तेव्हा मागचं चाक चिकटलं होतं. त्या धास्तीनं त्यांनी घरी हँडब्रेक लावणंच सोडलं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, बस्स. पन्हाळ्यावर चढ होता म्हणून लावला. आता, जी केबल आणि जो अॅडजस्टर (शूंना ड्रमजवळ ठेवणारा आट्यांचा तुकडा) महिनोन् महिने हलतच नाही, तो गंजून बसणार हे ठरलेलं. गाडी दिवसातून एकदा तरी हँडब्रेकवर उभी केली की आतले सांधे मोकळे राहतात. पावसात भिजलेली गाडी बरेच दिवस उभी करायची असेल, तेव्हा मात्र गिअर आणि चाकाला दगड हेच बरं.

गाडी सपाटीवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, मागचा भाग जॅकनं उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवला. हे काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, त्यामुळे ठोकळ्यांशिवाय गाडी उचलायची नाही, आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकायचं तर मुळीच नाही.

उजवं मागचं चाक हातानं फिरवलं. जड गेलं, सगळ्या फेरीत घासत होतं. हँडब्रेक सोडलेला असताना! डावं चाक भिंगरीसारखं मोकळं. आता लिव्हर शेवटपर्यंत ओढला. उजवं धरलं गेलं, पण दोन हातांनी जोर लावला की हळूच सरकत होतं. डावं तसंच मोकळं फिरत राहिलं. म्हणजे पन्हाळ्याच्या चढावर ती गाडी एका चाकाच्या अर्ध्यामुर्ध्या पकडीवर उभी होती.

हा भार केवढा असतो, हे सरांना हिशेब करून दाखवलं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमावलीत कारच्या ब्रेकसाठीचा जो १३-एच क्रमांकाचा नियम आहे, त्यात पार्किंग ब्रेकनं पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर धरून ठेवावी अशी अट आहे. २० टक्के म्हणजे १०० फूट पुढे गेल्यावर २० फूट वर. माणसं-सामानासह गाडी दोन टनांची धरली, तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे ३९० किलोचा होतो. दोन चाकांत वाटला तर चाकामागे १९५ किलो. पण हा जोर टायरच्या कडेवर असतो आणि शू आत टोपीत असतात. या गाडीच्या टोपीचा आतला व्यास १७० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ८५. टायरची त्रिज्या त्याच्या जवळपास चौपट. म्हणून शूंना चौपट, आठशे किलोच्या आसपास घर्षण एकेका चाकात पेलावं लागतं. तळहाताएवढ्या लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर.

ते पेलतात याचं कारण त्यांची मांडणी. दोन्ही शू खाली अॅडजस्टरनं एकमेकांना जोडलेले, पण मागच्या पत्र्याला, म्हणजे बॅक प्लेटला, पक्के केलेले नसतात, थोडे तरंगते असतात. वर एक पक्का खुंटा असतो. चाक फिरायला बघतं तेव्हा ड्रम पहिल्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो अॅडजस्टरमधून दुसऱ्या शूला ढकलतो, दुसरा खुंट्यावर दाबला जातो आणि पकड आपोआप वाढते. गाडी पुढे जाऊ पाहो वा मागे, दोन्हीकडे हे चालतं. पण त्यासाठी शू मोकळेपणानं सरकायला हवेत, स्प्रिंगांनी त्यांना जागेवर धरायला हवं आणि अॅडजस्टरनं त्यांना ड्रमच्या अगदी जवळ ठेवायला हवं. यातलं एक जरी बिघडलं, तर राहतात फक्त दोन लोखंडी पट्ट्या.

डावीकडून सुरुवात केली. कॅलिपर सोडला आणि तारेनं वर स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर कॅलिपर लोंबकळत ठेवायचा नाही, नळी आतून चिरते आणि बाहेरून दिसत नाही. डिस्क निघेना. अशा वेळी हातोडा उचलायचा मोह होतो, आणि डिस्कवर जुने वार दिसत होते, म्हणजे आधी कुणीतरी तो केलाही होता. डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत आठ एमएमचे दोन बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा आटा आवळत गेलं की डिस्क हबपासून (चाक ज्यावर बसतं त्या भागापासून) सरळ सुटते. पण त्याआधी शू आत घ्यावे लागतात, कारण ड्रमच्या आतल्या कडेला गंजाची वरंडी आलेली असते आणि शू तिच्यात अडकतात. बॅक प्लेटच्या भोकातलं रबरी बूच काढलं, स्क्रू ड्रायव्हर घालून अॅडजस्टरचं दातेरी चाक, म्हणजे स्टार व्हील, फिरवायला गेलो. एक दातही हललं नाही. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवलं, तरी नाही.

मग शेवटचा मार्ग घेतला. प्रत्येक शूला बॅक प्लेटशी धरून ठेवणारी एक पिन असते, तिचं डोकं प्लेटच्या मागच्या बाजूला दिसतं. ती दोन्ही डोकी कटरनं छाटली. आता शूंना धरणारं काही उरलं नाही, आणि बोल्ट आवळत गेल्यावर डिस्क शूंसकट बाहेर आली. या पद्धतीत जुन्या पिना वाया जातात, पण त्या परत वापरायच्याच नव्हत्या.

आमचा पोरगा डिस्क उलटी करून बघत होता. "मालक, ह्यो लायनर बगा की. शूला न्हाईच. निराळाच पडलाय."

खरंच तसं होतं. लायनरचा अख्खा अर्धगोल शूपासून सुटून ड्रममध्ये वेगळा पडला होता. तो झिजलेला नव्हता. जाडी मोजली तर अडीच मिलिमीटर, नव्याच्या जवळपास! कारच्या या लहान शूंना लायनर रिव्हेटनं ठोकत नाहीत, चिकटवतात. लोखंडी शू आणि लायनर यांच्या मध्ये ओल शिरली, गंजाचे पापुद्रे फुगले आणि त्यांनी लायनर उचकटून काढला. या शूंचं मरण असंच येतं. गाडी उभी असतानाच ते काम करतात, त्यामुळे चांगल्या गाडीत ते झिजतच नाहीत. "शू भरपूर आहेत" असं नुसतं जाडी बघून म्हणणारा माणूस इथे फसतो.

डावी केबलही आवरणात गंजून बसली होती. लिव्हर ओढला तरी तिचं मागचं टोक जागचं हलत नव्हतं.

उजवीकडची गोष्ट निराळी निघाली, आणि मागच्या वर्षीची केबलची ओढाताण तिथे उघडी पडली. तेव्हा लिव्हर वर येतो म्हणून त्या गॅरेजनं केबल आवळली. डावी बाजू मेलेलीच होती, सगळा ताण उजवीकडे गेला. शूच्या आतला लिव्हर, जो हँडब्रेक सोडल्यावर पूर्ण मागे जाऊन टेकायला हवा, तो कायम थोडा ओढलेला राहिला. शू दिवसरात्र ड्रमला घासत राहिले. काही महिने हँडब्रेक सहा दातांत लागला, सरांना बरं वाटलं, आणि लायनर झिजत जाऊन तो पुन्हा अकरावर आला. उजवा लायनर जेमतेम एक मिलिमीटर उरला होता, त्याचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, स्प्रिंगांचा रंग निळसर पडला होता. निळी पडलेली स्प्रिंग तापून मऊ झालेली असते. ती लांबीला बरोबर दिसेल, पण तिच्यात ओढ उरलेली नसते.

यासाठीच माझा आग्रह असतो की शू एकटे बदलायचे नाहीत. वरच्या रिटर्न स्प्रिंगा, खालची स्प्रिंग, पिना, त्यांचे कप आणि छोट्या स्प्रिंगा, अॅडजस्टर, सगळा संच नवा. गिऱ्हाईक म्हणतं, स्प्रिंगांना काय झालंय? झालेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. जुन्या स्प्रिंगांवर नवे शू बसवले की ते ड्रमपासून पुरते मागे येत नाहीत आणि उजव्या बाजूचा तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

डाव्या बाजूला आणखी एक दुखणं होतं. ज्या भोकातून पिन जाते, तिथे बॅक प्लेट गंजून खाल्ली गेली होती, गोल भोकाची लांबट फट झाली होती. नवी पिन लावली असती तर तिचं डोकं त्यातून निसटलं असतं. शेजारचा वेल्डर म्हणाला, वॉशर मारून देतो, दहा मिनिटांचं काम. तो हुशार कारागीर आहे, पण मी नको म्हटलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ती पातळ प्लेट थोडी जरी मुरडली, तरी शू ड्रममध्ये तिरका बसतो आणि कडेवरच घासतो. नवी प्लेट मागवली, यायला चार दिवस लागले. ती बसवायला हब आणि बेअरिंग काढावं लागतं. शू आणि संच यांना जेवढे पैसे लागले, त्याच्या दुपटीहून जास्त या प्लेटचे आणि तिच्या मजुरीचे झाले. सरांना फोन करून आधी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटतं ते करा. ती कणसंवाली मला झोपेत दिसते."

त्या चार दिवसांत डिस्क लेथवर गेल्या. टोपीच्या आत मोठ्यात मोठा चालणारा व्यास कोरलेला असतो, इथे १७१. गंज खरवडल्यावर माप १७०.४ आलं, हलका हात फिरवल्यावर १७०.६. चाललं. हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत केला, कारण तिथे गंजाचा कण राहिला तरी डिस्क डुगडुगते आणि नंतर पायाला धडधड जाणवते. ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं उडवली नाही, ओली करून पुसली. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती पोरांच्या छातीत जाते. उद्यमनगरात अजून सर्रास हवा मारतात, ते बघून मला वाईट वाटतं.

जोडताना एकेक बाजू घेतली, दुसरी बाजू नमुन्यासाठी तशीच ठेवली. उघडताना फोटो काढले होते, तरी हात लावून बघता येणारा नमुना निराळाच. प्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर घासतो, तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ थर दिला, अॅडजस्टरच्या आट्यांनाही. लायनरला ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये. या गाडीचे डावे-उजवे अॅडजस्टर वेगळे असतात, आटे उलट्या दिशेचे, त्यामुळे ते आधीच वेगळ्या डब्यांत ठेवले. पिन मागून घालून कप दाबायचा आणि पाव फेरा फिरवायचा. हात पोचत नाही तिथे एकानं मागून पिनचं डोकं धरायचं, एकानं पुढून पक्कड चालवायची. हे दोघांचं काम आहे.

मग जुळणी, आणि तिचा क्रम महत्त्वाचा. आधी केबल आतून पूर्ण सैल. डिस्क बसवून दोन-तीन नट उलटे लावून ती हबला घट्ट दाबायची. भोकातून स्टार व्हील फिरवत चाक जाम होईपर्यंत शू बाहेर काढायचे. मग एक-एक दात मागे, डिस्क हातानं मोकळी फिरेपर्यंत. इथे आठ दात मागे घ्यावे लागले. लिव्हर दोन-चारदा जोरात ओढून शू मध्यावर बसू द्यायचे, पुन्हा तपासायचं. दोन्ही बाजूंचं हे झाल्यावरच केबलला हात लावायचा. केबल शूंची झीज भरून काढण्यासाठी नसतेच.

लिव्हर आता सात दातांत आला. सकाळी लवकर, कोरड्या बावडा-शिये रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, तीसच्या वेगात बटण दाबून धरून लिव्हर किंचित ओढत तीन-चारशे मीटर गाडी चालवली. थंड होऊ दिली. असं तीन वेळा. त्यानं नवा लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळतो. ओल्या रस्त्यावर हे करू नये, मागची चाकं अडकून गाडी फिरते.

परत आलो आणि तापमान मोजलं. डावं चाक हाताला कोमट. उजवं, हात ठेवता येईना.

इथे माझी चूक होती. डावी केबल नवी टाकली, उजवी जुनीच ठेवली. हातानं ओढून बघितली तेव्हा ती हलत होती, आणि प्लेटचा खर्च झाल्यावर सरांचे पैसे वाचवावेत असं मनात आलं. ती ओढताना जात होती, पण सोडल्यावर पुरती परत येत नव्हती. गाडीच्या पोटाखाली केबलला जिथे खोलगट बाक आहे, तिथे पुराचं पाणी साचून आवरणाच्या आत गंज धरला होता. केबल परत येते का हे बघताना नुसती ओढून चालत नाही, दोन्ही टोकं सोडून ढकलून बघावी लागते. ते मी केलं नव्हतं. उजवी केबलही नवी घातली, तिची मजुरी बिलात लावली नाही, पुन्हा सगळी जुळणी केली. दुसऱ्या फेरीनंतर दोन्ही चाकं सारखीच कोमट.

त्या रविवारी सरांबरोबर मीही पन्हाळ्याला गेलो. त्याच चढावर गाडी लावली, सात दात, गिअर न्यूट्रल. मी चाकामागे ठोकळा ठेवला, टायरवर आणि रस्त्यावर खडूची एक सरळ रेघ मारली आणि ठोकळ्यात एक बोटाची फट सोडली. काकू उतरल्या आणि त्यांनी दार लावलं, चांगलं जोरात. मग पुन्हा एकदा. अर्धा तास थांबलो. रेघ जुळलेलीच होती.

माझ्याकडे २०२१च्या पुरातून आलेल्या गाड्यांची वही आहे. त्यातल्या ज्यांना मागे डिस्क आणि टोपीत शू आहेत, त्यांच्या मालकांना आता एकेक करून फोन लावतो आहे. आतापर्यंत चार गाड्या उघडल्या. दोघींचे स्टार व्हील जाम होते, तिसरीचा लायनर एका कडेनं सुटायला लागला होता. चौथी स्वच्छ निघाली, तिचा मालक रोज रात्री हँडब्रेक लावतो. वहीत अजून नऊ बाकी आहेत.